अल्पशा आजाराने नव्हे

विजूमावशी,

तुझी जाहिरात पेपरात आली. पान सहा, डावीकडच्या रकान्यात तळाला. वर एक टोपीवाले आजोबा, खाली गुडघेदुखीचं तेल. फोटो तोच, तुझ्या आधारकार्डावरचा, ज्याला तू 'पकडलेल्या चोरणीचा फोटो' म्हणायचीस. आणि फोटोखाली ओळ: 'श्रीमती विजया श्रीकांत यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.'

तू असतीस तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंस, "कुठला आजार रे? नाव सांग. आणि अल्पसा म्हणजे केवढा? सर्दीएवढा?"

तुला कसलाच आजार नव्हता. शहात्तराव्या वर्षी तुझी साखर माझ्यापेक्षा कमी होती, आणि दर रविवारी माझ्या ताटातली जिलबी स्वतःच्या ताटात ओढताना तू ते मला ऐकवायचीस. तू स्टुलावरून पडलीस. मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, सोसायटीच्या हॉलमध्ये, हातात ब्रश घेऊन.

हे एवढं लिहायला मला पंधरा दिवस लागले. मला! ज्यानं आपल्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात कुणी सांगितलं नसताना उभं राहून किस्से सांगितले. माधवी म्हणते, आमच्या लग्नात मध्ये अंतरपाट धरलेला असतानासुद्धा मी गुरुजींना काहीतरी सांगत होतो आणि गुरुजी मंगलाष्टकाची ओळ विसरले. असा मी. पण तुझ्यावेळी तोंडातून शब्द फुटला नाही. जाहिरातीचा मजकूर सुधीरदादानं लिहिला. मी फक्त शुद्धलेखन तपासलं आणि पाठवून दिला. धाकट्या भावानं एवढं तरी करावं, नाही का.

तू सदतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढलीस. लहानपणी मी सगळ्यांना सांगायचो, माझी मावशी बाटल्यांवर कागद चिकटवते. आई कानाखाली द्यायला यायची. तू म्हणायचीस, "असू दे गं, तेच तर काम आहे. बाटलीवर लिहिलंय तेच बाटलीत असलं पाहिजे. नाहीतर पोरं मरतील."

घरीही तेच. तुझ्या कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत असा एक डबा नव्हता ज्याच्यावर तुझ्या टपोऱ्या, सरळ अक्षरातलं लेबल नव्हतं. 'साखर – मुंग्या आहेत.' 'हळद – मंडईतली, रंगाबद्दल शंका.' एका दिवाळीत माझ्यासाठी दिलेला डबा: 'लाडू – फसलेले. तरी खावेत.' आणि दिवाणाखाली ती लोखंडी ट्रंक, जिच्यावर बसून मी शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आंबे खायचो. तिच्यावर लिहिलं होतं: 'श्रीकांत. कपडे, बूट, घड्याळ (बंद).'

श्रीकांतकाका. लढाऊ विमानाचे वैमानिक. तुमचं लग्न होऊन आठ महिने झाले होते, लढाई सुरू झाली आणि ते परत आले नाहीत. माझा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे मी जे पाहिलंच नाही, त्याचा घराण्यातला सगळ्यात खात्रीचा साक्षीदार मीच.

पहिल्यांदा ती गोष्ट मी पाचवीत सांगितली, वर्गात. काकांचं विमान, समोरून शत्रूचं विमान, धडाडधूम. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पाचवीतल्या मुलाला बाईंच्या डोळ्यांत पाणी आणता आलं म्हणजे त्याचं आयुष्य वाया गेलंच म्हणून समज. पुढे कॉलेजात शत्रूची विमानं दोन झाली. दादाच्या लग्नात तीन. माझ्या साडूच्या वास्तुशांतीला मी चौथं उडवायला काढलं, तेवढ्यात मागच्या रांगेतून तुझा आवाज आला:

"नित्या, मागच्या वेळी तीन होती. एक कुठून आलं?"

सगळे हसले. मीही हसलो. तुझ्या या टोमण्यांशिवाय माझी गोष्ट पुरी व्हायचीच नाही. लोकांना वाटायचं, आपलं दोघांचं ठरलेलं आहे.

खरं काय झालं ते तू मला एकदाच सांगितलंस. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो. तुझ्या स्वयंपाकघरात बसून आपण बरण्यांवरची जुनी लेबलं ओल्या फडक्यानं सोडवत होतो आणि मी मोठ्या कौतुकानं म्हणालो, "मावशी, ऑफिसात काकांची गोष्ट सांगितली. सगळे उभे राहिले."

तू फडकं बाजूला ठेवलंस. "बस," म्हणालीस. मी बसलेलाच होतो.

"शत्रू त्या दिवशी तिकडं फिरकलाच नव्हता," तू म्हणालीस. "सकाळची वेळ. श्रीकांतनं विमान वर नेलं आणि लगेच माघारी वळवलं. इंजिनाचा आवाज बंद पडला. धावपट्टी समोर दिसत होती. अलीकडच्या मोहरीच्या शेतात पडलं. शेतकऱ्यांनी त्याला खाटेवर घालून आणलं. संपलं."

ही ट्रंक घेऊन त्यांचा एक मित्र आला होता, त्यानं तुला हे सांगितलं होतं. दारात, चप्पल न काढता. आणि जाता जाता म्हणाला होता, "वहिनी, त्या विमानाचं इंजिन कुरकुर करतंय असं दोघांनी वहीत लिहून ठेवलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. पण लढाई चालू होती, विमानं कमी होती." एवढं बोलून तो गेला आणि पुन्हा कधी भेटला नाही. तू पत्रं लिहिलीस. वर, त्याच्या वर, त्याच्याही वर. उत्तरं आली. छान कागदावर, छान भाषेत. देश तुमचा ऋणी आहे. त्यात वही नव्हती.

"मला कुणाला फासावर चढवायचं नाही," तू म्हणालीस. "लढाईत चुका होतात, मला कळतं. त्या बिचाऱ्या मेकॅनिकला चार दिवस झोप नसेल. मला फक्त एक माणूस हवाय, जो माझ्यासमोर बसून म्हणेल, हो, आम्हाला माहीत होतं. बास. चहा करीन मी त्याच्यासाठी."

मी काय म्हणालो आठवतंय? मी म्हणालो, "पण मावशी, लोकांना काय फरक पडतो? देशासाठीच गेले ना?"

"मला पडतो," तू म्हणालीस. "शत्रूनं मारलं म्हटलं की लोक नमस्कार करून घरी जातात. अपघात म्हटलं की कुणीतरी विचारतं, कसा झाला? म्हणून तू अपघात म्हण. तुझ्या त्या चार विमानांखाली माझा एक प्रश्न मेलाय."

त्यानंतर मी काही वर्षं ती गोष्ट सांगितली नाही. काही वर्षं म्हणजे, खरं सांगतो, दोन. पुढच्या लग्नात मुलाकडच्यांनी आग्रह केला. तू आली नव्हतीस.

आणि मग गेल्या वर्षी तो बोर्ड.

सीमेवर पुन्हा ठिणग्या उडाल्या होत्या. टीव्हीवर सगळे एकाच वेळी ओरडत होते. आपल्या सोसायटीत पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं दिवे मालवून ब्लॅकआउटचा सराव झाला त्या संध्याकाळी गच्चीवर शेजारी शेजारी उभी राहिली. त्या भरात चेअरमन देवधरांना आठवलं की ए विंगमधल्या विजयाताई वीरपत्नी आहेत. हॉलला काकांचं नाव द्यायचं ठरलं. मजकूर कोण लिहिणार? सोसायटीत गणपतीची निवेदनं करणारा, 'भाषेवर प्रभुत्व असलेला' इसम एकच. तू ए विंगमध्ये, मी सी विंगमध्ये, मध्ये चार झाडं आणि एक पाण्याची टाकी. पण मी तुला विचारायला आलो नाही. म्हटलं, मावशीला आश्चर्याचा धक्का देऊ.

बसला धक्का. तुझ्या हातात नारळ होता. वरचा पडदा देवधरांनी ओढला आणि तू वाचलंस: 'वैमानिक श्रीकांत सभागृह. शत्रूशी झुंजताना आकाशात वीरमरण.' तू नारळ टेबलावर ठेवलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "नित्या, हे खोटं आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, विनय.

संध्याकाळी तुझ्याकडे आलो तेव्हा तू दार उघडलंस, पण आत ये म्हणाली नाहीस. मी तिथूनच म्हणालो, "मावशी, आठ दिवसांत बदलतो."

"आठ?"

"फार तर दहा."

मग काय काय झालं ते तुला माहीत आहे, कारण प्रत्येक रविवारी मी तुला त्यातलं एकेक सांगायचो. रंगाऱ्याचा मुलगा आजारी आहे. पावसाळी हवेत रंग धरत नाही. गणपती आले. खराडीत नवीन प्रोजेक्ट आलंय, जाऊन येऊनच चार तास जातात. मावशी, त्या रंगाऱ्याला मुलगाच नव्हता. मुळात रंगारीच नव्हता. मी कुणाला फोनच केला नव्हता. मला देवधरांना जाऊन 'मी लिहिलं ते खोटं होतं' असं म्हणायची लाज वाटत होती, बस, एवढंच कारण होतं.

दिवाळीनंतर तू विचारणं बंद केलंस. आणि मी, काय सांगू, मी सुटलो असं समजलो. माधवीला म्हणालो, "विसरली बहुतेक. वय झालं आता."

वय झालेली बाई बसनं मंडईकडे गेली, त्या बाजूच्या दुकानातून पांढऱ्या रंगाचा एक आणि काळ्या रंगाचा एक असे दोन छोटे डबे आणि पाऊण इंची ब्रश घेऊन आली. डब्यांवर लेबलं लावली. 'पांढरा – पुसण्यासाठी.' 'काळा – लिहिण्यासाठी.' ते डबे मी नंतर पाहिले.

त्या मंगळवारी मी खराडीत मीटिंगमध्ये होतो. फोन वाजला. आपला वॉचमन बबनराव. त्यांची वस्ती सोसायटी होण्याआधीपासून या बाजूला, ते उगाच फोन करणारे नाहीत.

"साहेब, मावशी पडल्यात."

"कुठं?"

"हॉलमंदी. स्टुलावरून."

समोर पडद्यावर कसलातरी आलेख होता आणि माझी पाळी जवळ आली होती. मी खालच्या आवाजात म्हणालो, "बबनराव, जरा बर्फ लावा. मी अर्ध्या तासात फोन करतो."

बर्फ, मावशी. मी तुला बर्फ लावायला सांगितलं.

बबनरावांनी आधी कुणाला तरी बाजूला व्हायला सांगितलं. मग म्हणाले, "साहेब, बर्फाचं न्हाई राहिलं. तुमी या."

मी निघालो. येरवड्याच्या पुलावर फोन आला तेव्हाच तू गेली होतीस. माझ्या पुढे एक बस उभी होती, मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता, आणि मला एकच सुचत होतं की या माणसाला खाली उतरून सांगावं, अहो, माझी मावशी गेली, जरा थांबा. मी काच खाली केली. तो म्हणाला, "काय राव, झोपलात का?" मी म्हणालो, "सॉरी." आणि गाडी पुढे घेतली.

संध्याकाळी सगळं आटोपून घरी आलो आणि दादानं मला आतल्या खोलीत नेलं.

"हे बघ नितीन, स्टूलबिल काही बोलायचं नाही. शहात्तर वर्षांची बाई स्टुलावर का चढली, घरचे काय करत होते, लोक दहा तोंडांनी बोलतील. ती गेली. ताबडतोब गेली, त्रास नाही झाला. अल्पशा आजारानं म्हणू. सगळेच म्हणतात."

"पण दादा, ती तर..."

"तुला सांगायचंय का लोकांना? कशासाठी चढली होती ते?"

मी शुद्धलेखन तपासायला पेन काढलं. त्याला बोर्डाचं सगळं माहीत होतं. त्याचा हेतू मला वाचवायचा होता गं, तुझ्यावर त्याचा राग नव्हता. तुझ्या पायांना तूप लावताना तो हमसून हमसून रडत होता, हे मी तुला सांगायला पाहिजे, कारण तू जन्मभर म्हणायचीस की सुधीर दगड आहे.

मग लोक यायला लागले. तुला भेटायला कधी न आलेले लोक. "झोपेतच गेल्या म्हणे?" मी मान हलवायचो. नुसती मान, तोंडानं खोटं बोललो नाही असं मनाला सांगत. आठव्या दिवशी तुझ्या कॉलेजातल्या दोन बाई आल्या. एकीनं विचारलं, "शेवटी काही बोलल्या का हो?" आणि मावशी, मला माझाच आवाज ऐकू आला. मी सांगत होतो, की आदल्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलीस, माझ्या हातचा चहा घेतलास आणि खिडकीतून आभाळाकडे बघत म्हणालीस, 'नित्या, आता श्रीकांत बोलावतोय.'

त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या सोमवारी तू माझ्याकडे आलीच नव्हतीस. आभाळाकडे बघून बोलणं हा तर तुझा स्वभावच नाही. आणि माझ्या हातच्या चहाला तू आयुष्यभर 'चहा – संशयित' म्हणत आलीस. हे सगळं कुठून आलं? मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप फोडणीला जावा तशी जीभ गेली. आठ दिवसांत मी तुझं पण विमान शत्रूकडून पाडलं.

त्या बाई गेल्या, आणि मी जिन्यावर जाऊन बसलो. तू गेलीस याचा धक्का मला तोवर बसलाच नव्हता. तो तिथे, चौथ्या पायरीवर बसला.

बबनराव जिना झाडत वर आले. खराटा भिंतीला लावून उभे राहिले.

"साहेब, एक इचारू? त्या स्टुलाचं काय करू? हॉलमंदीच हाय अजून."

"का? काय झालंय त्याला?"

"पाय हलतोय की त्याचा. लई दिवसांचं हाय. मी पुठ्ठा घडी करून घालतो खाली. सगळ्यांना म्हाइत हाय."

सगळ्यांना माहीत आहे.

बबनरावांना ठाऊक नव्हतं की हे शब्द मी आधी कुठे ऐकले होते. ते खराटा घेऊन तिसऱ्या मजल्याकडे गेले. मी तिथेच. आणि मला आठवलं, गणपतीत पताका लावताना मीच त्या स्टुलावर चढलो होतो. ते डुगडुगलं तेव्हा मी माइकवरून विनोद केला होता, की आपल्या सोसायटीचं हे स्टूल आणि आपली कार्यकारिणी, दोन्ही पुठ्ठ्यावर उभी आहेत. केवढे हसले होते सगळे. तूही पहिल्या रांगेत होतीस. उतरताना मी स्टूल भिंतीला लावलं आणि त्याचा पाय दुरुस्त करायला टाकावा, हे माझ्या मनात आलंसुद्धा होतं. त्याच संध्याकाळी आरती होती.

मी खाली हॉलमध्ये गेलो. बोर्ड पाहिला. तू गेल्यापासून मी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. 'शत्रूशी झुंजताना आकाशात' एवढ्यावर तू पांढरा रंग फिरवला होतास, अगदी रेषेत, एक थेंब खाली ओघळू न देता. 'वीरमरण' तसंच ठेवलं होतंस. ते तू पुसलं नाहीस, याचं मला फार नवल वाटलं. मग वाटलं, नवल कसलं, तू कुठे कधी म्हणालीस की ते वीर नव्हते. पांढऱ्यावर काळ्या रंगात, बाटलीवरच्या त्याच टपोऱ्या अक्षरात तू लिहायला घेतलं होतंस: 'विमान अ'. तिथे रंगाची एक रेघ खालपर्यंत गेली होती.

देवधर मागून आले. "नितीनराव, शोकसभेच्या आत पेंटर बोलावून पूर्ववत करून घेतो. तुम्ही काळजी करू नका."

"नको," मी म्हणालो. "पूर्ववत नको. मी करतो."

"तुम्ही?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली शंका रास्त होती.

काल सकाळी केलं. स्टुलावर नाही, बबनरावांनी लोखंडी शिडी आणली आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी हलायच्या आधीच "हलू नका साहेब" म्हणत होते. अक्षर तू पाहिलंस तर मला प्रयोगशाळेतून हाकलशील. तुझा 'अ' सरळ उभा आहे आणि त्याच्यापुढची माझी अक्षरं गाडी सुटल्यासारखी पुढे कललीत. पण आता तिथे लिहिलंय: 'लढाई चालू असताना विमान अपघातात वीरमरण.' 'लढाई चालू असताना' मला वर बारीक करून बसवावं लागलं. जागेचा अंदाज चुकला. ती रेघ मात्र मी पुसली नाही.

संध्याकाळी शोकसभा. तुझा तोच चोरणीचा फोटो, त्याला हार. दादा पहिल्या रांगेत. देवधर बोलले, जोशीकाकू बोलल्या. त्यांना तू ए विंगच्या जिन्यात एकदा सोडा आणि व्हिनेगर घालून मोरी साफ कशी करायची ते शिकवलं होतंस, ते त्यांनी सगळं कृतीसह सांगितलं. मग माझं नाव पुकारलं गेलं. माणसं खुर्चीत जरा सावरून बसली. आता नितीन रडवणार, मग हसवणार.

मी उभा राहिलो. काय काय ठरवून आलो होतो, एकही ओळ आठवेना. माझं असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

"माझी मावशी आजारानं गेली नाही," मी म्हणालो. "ती इथे, या हॉलमध्ये, त्या स्टुलावरून पडली. हा बोर्ड दुरुस्त करत होती. त्यावर मी खोटं लिहिलं होतं. काकांचं विमान शत्रूनं पाडलं नव्हतं, ते बिघडलेलं होतं. बदलतो असं मी तिला सांगितलं आणि सहा-सात महिने बदललं नाही. म्हणून ती चढली. त्या स्टुलाचा पाय हलतो. मला माहीत होतं."

एवढंच. मी खाली बसलो नाही, कारण बसायचं असतं हे सुचलं नाही. पंखा फिरत होता. दादा माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मला वाटलं, आता कुणीतरी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवेल आणि 'दुःखात माणूस काहीही बोलतो' असं म्हणून मला घरी नेईल.

दारापाशी बबनराव उभे होते. ते म्हणाले, "मला बी म्हाइत व्हतं. मी पुठ्ठा घालत व्हतो."

पुन्हा पंखा.

मग देवधर उठले. माणूस तुला कधीच आवडला नाही, मलाही फारसा नाही. त्यांनी चष्मा काढला. "कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये ते स्टूल टाकून द्यायचा विषय दोनदा निघाला होता," ते म्हणाले. "इतिवृत्तात आहे. मीच पुढच्या मीटिंगवर ढकलला. मला माहीत होतं."

वहीत होतं, मावशी. दोनदा.

जोशीकाकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हळदीकुंकवाला माझी सून पडता पडता वाचली होती त्याच्यावरून. आम्हालाही माहीत होतं हो." मग बी विंगमधले एक गृहस्थ, ज्यांचं नावही मला माहीत नाही, त्यांनी नुसता हात वर केला. मग आणखी दोन हात. शेवटी दादा उठला. सगळ्यांकडे पाठ करून, तुझ्या फोटोकडे तोंड करून म्हणाला, "विजूमावशी, जाहिरात मी लिहिली. उद्या दुसरी देतो."

कुणी रडलं नाही. मी आजवर जेवढ्या सभा गाजवल्या त्यातली ही सगळ्यात पडलेली. लोक हळूहळू उठले, जाताना बोर्डाखाली थांबून वर बघत होते. एका मुलीनं आपल्या वडिलांना विचारलं, "बाबा, विमान कसं काय बिघडलं होतं?"

वडील म्हणाले, "माहीत नाही गं."

"मग कुणाला माहीत आहे?"

चोपन्न वर्षांनी, मावशी. तुझा प्रश्न, तुझ्याच स्वरात, काकांच्या नावाच्या हॉलमध्ये.

सगळे गेल्यावर बबनरावांनी स्टूल उचललं. मी त्यांना थांबवलं आणि तुझ्या ड्रॉवरमधून आणलेला लेबलांचा कागद काढला. त्यांनी विचारलं, "काय लिवताय?" मी वाचून दाखवलं: 'स्टूल – पाय मोडका. सगळ्यांना माहीत होतं.'

ते म्हणाले, "चिकटवा. नीट दाबून चिकटवा." मी दाबून चिकटवलं. मग तुझ्या घरी जाऊन आठ जणांचा चहा टाकला आणि ज्यांनी ज्यांनी कबुली दिली होती, त्यांना बोलावलं.